समुद्र उजव्या हाताला

“तुम्हीपण चला ना, भैयासाहेब,” असं मी फोनवर म्हणालो, तेव्हा मंजिरी ओट्यापाशी पोह्यांना फोडणी देत होती. तिने हातातला झारा तसाच वर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्या झाऱ्याचा अर्थ मला कळायला हवा होता. कळलाही, पण तोवर वाक्य देवासहून निघून धारला पोचलं होतं.

माझी बाजू सांगतो. आमच्या माळव्यात बोलावण्याची एक रीत आहे. बोलावणाऱ्याने पुन्हा पुन्हा बोलवायचं, समोरच्याने पुन्हा पुन्हा नाही म्हणायचं, आणि दोघं थकले की मग काय ते खरं ठरतं. पहिलं बोलावणं म्हणजे रस्त्यातून जाताना गाडीचा हॉर्न वाजवावा तसं. त्यावर हात करायचा असतो, गाडीत चढायचं नसतं.

भैयासाहेब पहिल्याच हॉर्नला चढले. म्हणाले, “कधी निघायचं?”

मी फोन ठेवला. मंजिरी म्हणाली, “आता त्यांना सांगा, की तुम्ही तोंडदेखलं म्हणाला होतात.” हे वडीलधाऱ्या माणसाला कसं सांगतात ते मला आजही माहीत नाही.

तिचा राग उगाच नव्हता; ही सहल मंजिरीची होती. मंजिरी रत्नागिरीकडची. लग्न होऊन देवासला आल्यापासून तिचं माहेरी जाणं म्हणजे कुणाची मुंज, कुणाचं लग्न, नाहीतर कुणाचं आजारपण. गाडीतून उतरायचं, जेवायचं, परत गाडीत बसायचं. समुद्र दिसला तर काचेतून. तिची इच्छा एकच होती आणि ती तिने कधी लपवली नव्हती. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचे वडील तिला आजोळी, आंबेखोलला, किनाऱ्याने चालत न्यायचे. एक पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, ती संपली की डोंगराचा सडा, म्हणजे माथ्यावरचं पठार, चढून उतरायचा, मग दुसरी पुळण, तिच्या टोकाला एक ओहोळ, आणि ओहोळापलीकडे आंबेखोल. एसटी तेव्हाही होती. पण वडील म्हणायचे, आजोळी पायांनी पोचायचं. वडील गेले, वाट राहिली. त्या वाटेने तिला एकदा मला आणि आमच्या ईशाला घेऊन जायचं होतं. ईशाची बंगळुरूची नोकरी ठरली होती. तिघांनी मिळून लांब सुट्टी घ्यायची ही शेवटचीच वेळ, असं आम्ही कुणी म्हणत नव्हतो, पण धरून चाललो होतो.

मी कारखान्यातून रजा मिळवली. त्या पहिल्या पुळणीजवळ एका घरात दोन खोल्या मिळवल्या. सगळं जमवलं, आणि मग सहज खुशाली विचारायला धारला फोन लावला.

भैयासाहेब माझ्या वडिलांचे धाकटे चुलतभाऊ. पणजोबांच्या काळी आमचं घराणं धार संस्थानात कारकुनीला आलं आणि तिथलंच होऊन गेलं. माळव्यातल्या जुन्या मराठी घरांत एखादे भैयासाहेब असतातच. नावातला अर्धा भाग तिकडचा, अर्धा इकडचा, आणि बोलणंही तसंच. “अवि, तो तांब्या इकडे कर, और सुनो, येताना कवाड ओढून घे.” अंगाने काटकुळे, पांढरा पायजमा, खांद्याला झोळी. बिजली विभागात आयुष्य काढलं, पण घरातला बाथरूमचा दिवा काकी होत्या तोवर लागला नाही तो नाहीच.

कारण भैयासाहेबांचं सगळं अर्ध्यावर असायचं. धारच्या घराला वरचा मजला बांधायला घेतला, तो जिन्यापर्यंत झाला. तो जिना थेट आभाळात जायचा आणि काकी त्याच्या पायऱ्यांवर वड्या वाळवायच्या. तबला शिकायचा ठरवला, त्यातला नुसता दायाँ, उजव्या हाताचा तेवढा, विकत आणला. तरुणपणी त्यांना मुंबईला चांगली नोकरी लागली होती. सगळं घर निरोप द्यायला अंगणात आलं, कुणी हातावर दही घातलं, कुणी डोळे पुसले. भैयासाहेब रतलाम स्टेशनपर्यंत गेले. गाडी आली, समोर उभी राहिली, आणि सुटली. संध्याकाळी ते धारला परत, काकींना म्हणाले, “चहा टाक.” तेव्हापासून आमच्या घराण्यात अर्ध्या वाटेतून परत येण्याला ‘रतलाम करणं’ म्हणतात. ईशाने कथकचा क्लास सोडला तेव्हा तिच्या आजीने एवढंच विचारलं होतं, “केलंस ना रतलाम?”

तर असा हा माणूस. काकी गेल्या, नोकरी संपली, आणि एक दिवस ते झोळी घेऊन नर्मदा परिक्रमेला निघाले. पायी. माझे वडील म्हणाले, “आठ दिवसांत येईल घरी.” सगळ्यांनीच ते गृहीत धरलं. शेजारच्यांनी तर दुधाचा रतीबसुद्धा बंद करू दिला नाही.

भैयासाहेब परिक्रमा पूर्ण करून आले. काळे पडले होते, दाढी वाढली होती, झोळीत नर्मदेच्या पाण्याची एक छोटी कुपी होती. आमच्या घराण्याला हा धक्का अजून पचलेला नाही.

परिक्रमेचे नियम माळव्यात कुणालाही ठाऊक असतात. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. तिला ओलांडायचं नाही. मागे फिरायचं नाही. परिक्रमा संपली की नियमही संपतात. भैयासाहेबांचे संपले नाहीत. ते नियम त्यांनी घरी आणले आणि मिळेल त्या वस्तूला लावले. देवासला आमच्याकडे आले की टेकडीवर देवीला जायचे; पायऱ्यांनी चढले तर रपटीने, म्हणजे उताराच्या रस्त्याने, उतरायचे, चढलेल्या वाटेने उतरणं नाही. जेवायला बसले आणि लोणच्याची बरणी उजव्या हाताशी टेबलाच्या कोपऱ्यावर असली, तर उठून, अख्ख्या टेबलाला उजवं घालून, सगळ्यांच्या खुर्च्या सरकवायला लावून तिथे पोचायचे. मी एकदा म्हटलं, “अहो, मी देतो ना.” म्हणाले, “तू जेव. मैया पाहून घेते.” मैया सगळंच पाहून घ्यायची. गुडघे, गॅसचा नंबर, राज्य सरकार. फक्त चौकातल्या गोल चक्करवर त्यांचा जीव होता. गाडी डावीकडून शिरते, चक्कर उजव्या हाताला ठेवून फिरते. ते म्हणायचे, “सरकारचं हे एकच खातं शास्त्राप्रमाणे चालतंय, भिया.” भिया म्हणजे भैया, आमच्याकडचा.

अशा माणसाला मी समुद्रकिनारी फिरायला बोलावलं होतं. हे लक्षात यायला मला किनारा गाठावा लागला.

ठरल्याप्रमाणे ते आम्हाला खलघाटला नर्मदेच्या पुलाअलीकडे भेटले. मैयाला नमस्कार करून पुढच्या सीटवर बसले, कुपी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली, आणि तिथून कोकणापर्यंत मला गाडी कशी चालवावी ते सांगितलं. त्यांना स्वतःला गाडी येत नाही. शिकायला घेतली होती.

पोचलो त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर, आम्ही पुळणीवर उतरलो. भैयासाहेबांनी समुद्राला हात जोडले. “नर्मदे हर,” म्हणाले. मग काठी उचलली आणि डावीकडे, दक्षिणेला, चालू लागले.

मंजिरी म्हणाली, “भैयासाहेब, आपल्याला इकडे जायचंय. आंबेखोल उत्तरेला आहे.”

“तिकडे समुद्र डाव्या हाताला येतो, सूनबाई.”

“अहो पण ही नदी नाही,” मी म्हणालो.

“मैया शेवटी कुठे येते? इथेच ना? मग पाणी कुणाचं झालं?” परिक्रमेत नदीच्या मुखाशी नावेने समुद्रातून पलीकडे जावं लागतं. “तेव्हाची ओळख आहे आमची,” ते म्हणाले, जणू समुद्र त्यांचा जुना क्लासमेट होता.

ईशाने विचारलं, “पर आजोबा, अशी परिक्रमा करायची तो पूरा भारत घूमना पडेगा.”

भैयासाहेबांनी विचार केला. “कन्याकुमारीला वळून थेट जगन्नाथपुरीपर्यंत तर काहीच अडचण नाही,” म्हणाले.

पहिल्या दिवशी आम्ही दक्षिणेला गेलो. छान पुळण होती, मी नाही म्हणत नाही. पण परत यायची वेळ झाली तेव्हा भैयासाहेब एका खडकावर बसले. परत यायचं म्हणजे समुद्र डावीकडे, आणि शिवाय मागे फिरणं; दोन नियम एकदम मोडत होते. गाडीत बसल्यावर मात्र नियम लागू नव्हते. “गाडीत आपण चालत नाही, गाडी चालते.” म्हणून मी एकटा वाळूतून परत गेलो, गाडी काढली, गावामागच्या घाटीने वळसा घालून त्यांना आणायला गेलो. दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो आणि रिक्षा ठरवली. रिक्षावाल्याने आम्हा चौघांकडे पाहिलं, आम्ही आलो त्या सरळ सपाट पुळणीकडे पाहिलं, आणि विचारलं, “जाताना चालत गेलात ना? मग येताना समुद्र कुठे गेला काय?”

मी म्हटलं, “तुम्ही चला हो.”

त्या दक्षिणेच्या गावात भैयासाहेबांनी आणखी एक केलं. परिक्रमेत कुणाच्याही दारात उभं राहावं आणि ‘नर्मदे हर’ म्हणावं, की माणसं चहा देतात, जेवू घालतात. भैयासाहेब सरळ एका अंगणात शिरले. आजीबाई केरसुणीसाठी माडाच्या झावळीचे हीर काढत बसल्या होत्या. “नर्मदे हर, माताजी. चाय मिलेगी?”

आजीबाईंनी मान वर केली नाही. “दूध नाही. काळा चालेल?”

“चालेल.”

“साखर पण जास्त नाही.”

“मैया पाहून घेईल.”

“ती आज शेतावर गेलीय,” आजीबाई म्हणाल्या. त्यांना कोण वाटली देव जाणे. पण आम्ही लाजून कुंपणाबाहेर उभे होतो तेवढ्या वेळात भैयासाहेब हीर काढायला बसले होते, आणि निघताना त्यांच्या झोळीत दोन शहाळी होती. ते हीर त्यांनी अर्ध्यावर सोडले नाहीत, एवढं मी तेव्हाही पाहिलं होतं. पण तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. मला घड्याळ दिसत होतं. मंजिरीच्या सुट्टीतला आणखी एक दिवस संपला होता आणि ती उत्तरेच्या सड्याकडे पाहत रिक्षात बसली होती.

तुम्ही म्हणाल, त्यांना घरी ठेवून तुम्ही का गेला नाहीत? त्यांचं म्हणणंही तेच होतं. “तुम्ही तिघं जा. मी बसतो ओसरीवर.” तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बूट घालून अंगणात आलोसुद्धा. भैयासाहेब ओसरीवर झोळी मांडीवर घेऊन बसले होते, रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये बसावं तसे. समोर आंबोळ्यांची ताटली तशीच.

“खाऊन घ्या ना,” मंजिरी म्हणाली.

“तुम्ही आलात की खाऊ. तुम्ही जा. मुझे क्या है.”

घरमालकीण वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, मग आमच्या बुटांकडे पाहिलं. मंजिरीने बूट काढले.

तेव्हा मला युक्ती सुचली. मला युक्त्या क्वचित सुचतात, त्यामुळे सुचली की मी ती फार मोठ्याने सांगतो. “गाडीने आंबेखोलला जाऊ आणि तिथून चालत इकडे येऊ. समुद्र उजव्या हाताला. वाट तीच. सगळे खूश.”

“वा, भिया,” भैयासाहेब म्हणाले आणि आंबोळी तोडली. ईशाने मला टाळी दिली. मंजिरी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला निघून गेली. मी मागे गेलो.

“काय झालं?”

“काही नाही.”

“वाट तीच आहे ना?”

“तीच आहे.” तिने ईशाचा दुपट्टा झटकला. “आंबेखोलहून इकडे यायचं म्हणजे सुट्टी संपली. त्या बाजूने ती वाट मला माहितीय ती रडत चाललेली. बाबा पुढे, मी मागे. मला आजोळी पोचायचंय हो. निघायचं नाहीये.”

“अगं, पण पाय तेच, वाळू तीच...”

“मग तुम्ही जा दोघं.”

म्हणजे आता माझ्याकडे एक माणूस होता ज्याला समुद्र उजवीकडेच हवा होता, आणि एक बायको जिला तो डावीकडेच हवा होता. मला स्वतःला समुद्र कुठेही चालला असता. मी ओसरीवर बसून कोकम सरबत प्यायलो आणि त्यात पडलेली माशी काढत राहिलो.

दुपारी मात्र माझा तोल गेला. भैयासाहेब आमटीवर आमच्या घरची शेव भुरभुरत होते. डबा ते सोबत बाळगत, आणि वहिनींच्या सोलकढीवरही त्यांनी ती घातली होती. बहुतेक त्या शेवेनेच माझं डोकं फिरलं.

“भैयासाहेब, एक दिवस समुद्र डावीकडे ठेवला तर काय होईल? नदी रागावेल? तुमची परिक्रमा संपून कैक वर्षं झाली. ही मंजिरीची सुट्टी आहे. उद्या शेवटचा दिवस. एक दिवस फक्त.”

मी वडीलधाऱ्यांशी असं बोलत नाही. ईशा मोबाईल खाली ठेवून बसली. मंजिरी स्वयंपाकघराच्या दारात आली.

भैयासाहेबांनी शेवेचा डबा बंद केला. झाकण नीट बसलं की नाही ते पाहिलं.

“काही होणार नाही रे,” ते म्हणाले. “मैया कशाला रागावेल. मी परत पहिल्यासारखा होईन, एवढंच.”

त्यांनी डबा मांडीवर घेतला.

“रतलामला गाडी आली ना, तेव्हा मला भीती नव्हती वाटली. तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी घाबरलो. दार समोर होतं. मी म्हटलं, उद्या जाऊ. बस इतना ही. उद्या जाऊ, म्हणून वळलो. जिना बांधताना पण तसंच. तुझ्या काकीला ओंकारेश्वरला न्यायचं होतं, ते पण उद्या.” त्यांनी डबा झोळीत ठेवला. “मी एकदा वळलो की वळतच राहतो, अवि. मैयाने मला एवढं एकच शिकवलं. दुसरं मला काही येत नाही.”

मग ते हात धुवायला उठले, आणि मधल्या खांबाला उजवं घालून मोरीकडे गेले. मला राग आला होता तो गेला नाही. फक्त तो कुणावर काढावा ते कळेनासं झालं.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तर भैयासाहेब फाटकापाशी तयार. आंघोळ झालेली, झोळी खांद्याला, कुपी खिशात.

“चला सूनबाई. आंबेखोल.”

मंजिरी म्हणाली, “भैयासाहेब, माझं काही म्हणणं नाही. खरंच राहू दे.”

“चल तर.”

पुळणीवर उतरल्यावर त्यांनी दक्षिणेकडे तोंड केलं, नेहमीसारखं. मला वाटलं, झालं, आजही तेच. आणि मग ते पाठीमागे चालू लागले. तोंड दक्षिणेला, पावलं उत्तरेला.

“समुद्र कुठल्या हाताला?” त्यांनी मला विचारलं.

“उजव्या.”

“फिरलो का मी?”

“नाही.”

“मग देखते क्या हो, चला.”

मंजिरी पुढे झाली आणि तिने त्यांचा हात धरला. ती समोर पाहत चालत होती, ते मागे पाहत. मी सामानाची पिशवी घेऊन बाजूने, बस मागे घेताना कंडक्टर करतो ते काम करत होतो. “येऊ द्या, येऊ द्या. दगड. डावीकडे घ्या. कुत्रं आहे, थांबा. येऊ द्या.” पुण्याकडचे काही पाहुणे फिरायला आले होते, त्यांनी आमचा व्हिडिओ काढला. तो कुठेतरी फिरत असणार. त्यात जो जाडा माणूस हातवारे करतो आहे तो मी.

सड्यावर चढल्यावर समुद्र झाडांआड गेला. “पाणी दिसत नाही, म्हणजे उजवं नाही, डावं नाही,” भैयासाहेब म्हणाले आणि सरळ होऊन झपझप चालू लागले. पण सड्याच्या कडेला मध्येच फट येई, खाली निळं पाणी दिसे, की ते गर्रकन दक्षिणेकडे तोंड करत आणि मी पुन्हा ‘येऊ द्या’ सुरू करी. मंजिरी हसत होती. या सुट्टीत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. एका करवंदीच्या जाळीपाशी ती थांबली आणि ईशाला म्हणाली, “इथे बाबा मला पाणी द्यायचे.” ईशाने बाटली काढून तिला दिली.

दुसरी पुळण उतरलो. टोकाला ओहोळ दिसला, पलीकडे माड आणि माडांत आंबेखोलची कौलं. मंजिरीच्या मामी तिथे स्वयंपाक करून वाट पाहत होत्या. आता फक्त ओहोळ उरला होता, गुडघाभर पाण्याचा.

भैयासाहेब पाठमोरे ओहोळापर्यंत आले, खाली बसले, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकले.

“खारट आहे.”

“भरतीचं पाणी आत शिरलंय,” मंजिरी म्हणाली. “ओहोटीला गोडं येतं.”

“गोडं असतं तर ही नदी. नदी ओलांडता येते. खारट आहे म्हणजे हा समुद्रच आला. ज्याची परिक्रमा, त्याला ओलांडत नाहीत.”

मी पिशवी वाळूत टाकली आणि वर बसलो. मला बोलायचं होतं ते मंजिरीच्या नजरेने घशात ठेवलं. आम्ही थांबलो. भैयासाहेब मधून मधून चव घेत आणि मान हलवत. ऊन चढलं. पाणी कमी व्हायचं सोडून वाढत होतं. मामींचा फोन आला, भात निवतोय. मंजिरीला त्या पाण्याची लहानपणापासून ओळख होती. ती नुसतं पाहत होती आणि मला दिसत होतं की आणखी थोड्या वेळाने तिलाही पलीकडे जाता येणार नाही.

ते भैयासाहेबांनाही दिसलं.

“तू जा, मंजू.” इतक्या वर्षांत ते तिला सूनबाईशिवाय काही म्हणाले नव्हते.

“तुम्हाला इथे सोडून कशी जाऊ?”

“मी आलो ना इथवर? रतलाम तर नाही केलं? हे पाणी आडवं आलं, त्याला मी काय करणार. तू पोच.”

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. ईशाने माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी भैयासाहेबांपाशी थांबायला हवं होतं, आणि तिथे आम्ही चौघंच होतो. मी म्हटलं, “जा तुम्ही.” माझ्या आवाजात मोठेपणा नव्हता, हे मला कबूल आहे.

त्या दोघी सलवारी वर धरून ओहोळात उतरल्या. पाणी मांडीपर्यंत आलं. पलीकडे निघाल्या आणि वाळूवरून माडांकडे चालू लागल्या. भैयासाहेब माझ्याशेजारी उभे, ओहोळाला पाठ करून, तोंड दक्षिणेला. वळून पाहणं त्यांच्यात बसत नव्हतं.

“ओलांडलं?” त्यांनी विचारलं.

“ओलांडलं.”

“आता कुठेय?”

“होडीपाशी.”

“धावतेय का?”

“नाही. चालतेय. ईशा पुढे, ती मागे.”

“बाप पुढे असायचा तिचा,” भैयासाहेब म्हणाले. थोड्या वेळाने, “आता?”

“माडांत शिरली. मामी आल्यात वाटतं दगडी गडग्यापाशी. हो, मामीच.” मग मी म्हटलं, “वळलीय. हात करतेय.”

भैयासाहेबांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात डोक्यावरून मागे नेला. तसाच, न वळता, हलवत राहिले. समोर त्यांना फक्त आम्ही आलो ती रिकामी पुळण दिसत होती. मंजिरी केव्हाच घराआड गेली होती. मी त्यांना ते लगेच सांगितलं नाही.

परतीची वाट मात्र पूर्ण शास्त्रोक्त होती. समुद्र उजवीकडे, तोंड दक्षिणेला. ते असे झपाझप निघाले की मला धापा टाकत मागून यावं लागलं. मग गाडी काढून, मागच्या रस्त्याने, आम्ही आंबेखोलला जेवायला पोचलो. भात खरंच निवला होता. भैयासाहेबांनी त्यावर शेव घातली.

पुढच्या थंडीत ते धारला झोपेतच गेले. मधल्या काळात भेटले होते, दिवाळीला देवासला येऊन टेबलाला उजवं घालून गेले होते. पण डोळ्यांसमोर येतात ते तिथलेच, ओहोळाकाठी हात मागे नेऊन उभे असलेले.

तेरावा आटोपून आम्ही धारहून परत येत होतो. वरच्या मजल्याचा तो जिना तसाच होता. त्यावर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. गाडीत मी माझं जुनंच गाऱ्हाणं काढलं. म्हटलं, रजा माझी, बेत माझा, आणि ती वाट सगळ्यांनी पाहिली, पण आपल्या तिघांत ओहोळ पायी ओलांडला नाही तो मीच. आणि हे सगळं कशामुळे, तर फोनवर एक वाक्य तोंडदेखलं बोललो म्हणून.

मंजिरी खिडकीबाहेर पाहत होती.

“बरं झालं तोंडदेखलं बोललात,” ती म्हणाली. “मनापासून पुन्हा पुन्हा बोलावलं असतंत ना, तर ‘उद्या सांगतो’ म्हणत त्यांनी रतलाम केलं असतं.”